डावं मागचं चाक

प्रिय मामा,

हब निघाला. डाव्या मागच्या चाकाचा. परवा दुपारी, चहाच्या वेळेला, कोणालाही न लागता.

लिहायला बसले ते एवढ्यासाठीच. तू असतास तर फोनवर दोन शब्दांत सांगितलं असतं आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवला असतास. आपलं बोलणं शेवटी शेवटी तेवढंच उरलं होतं. पण या वेळी सांगण्यासारखं जरा जास्त आहे, आणि त्यातलं बरंचसं तुझ्याबद्दल आहे.

तू गेल्यावर मामीने शेडला कुलूप लावलं. आत तुझी जुनी गाडी, हेराल्ड, तिच्यावर तुझी निळ्या पट्ट्यांची चादर. वांगणीचं ते घर मामीला एकटीला मोठं पडतं. शेडच्या जागी एक खोली काढावी आणि भाडेकरू ठेवावा, निदान रात्री शेजारी माणसाची चाहूल तरी असेल, असं तिच्या मनात आलं. त्यात चूक काही नाही. बदलापूरचा एकजण वरातीला जुन्या गाड्या देतो. तो येऊन गाडी बघून गेला. तीन चाकं फिरली, डावं मागचं हलेना. ब्रेकचे शू गंजून ड्रमला धरले होते. तो म्हणाला, चाक फिरलं तर मी नेतो, नाहीतर भंगारवाल्याला बोलवा, तो गॅस कटर आणून जागेवरच तुकडे करून नेईल.

मामीने मला फोन केला. म्हणाली, "मामाची गाडी आहे. तुला विचारल्याशिवाय मी कापू देणार नाही. पण तू 'नाही' म्हणालीस तर मग तूच ये आणि हलव."

मला जायचं नव्हतं. का, ते तुला ठाऊक आहे. की नाही?

आठव. डिप्लोमाच्या वर्षांत दर रविवारी मी अंबरनाथहून तुझ्याकडे यायचे. आपण गाडी एकेक भाग करून सोडवली. उजवं मागचं चाक तर सगळं माझ्याच हातून काढून घेतलंस. आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मग जॅक, आणि जॅकवर कधीच भरवसा नाही, खाली लोखंडी घोड्या. विटांवर गाडी ठेवणाऱ्या मेकॅनिकला तू गॅरेजच्या दारातूनच शिव्या द्यायचास. मग हँडब्रेक सोडायचा, मागच्या प्लेटवरचा चौकोनी अ‍ॅडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्यायचे, आणि मगच ड्रमला लाकडी हातोड्याने गोल गोल ठोकायचं. ड्रम सुटला की आतली काळी धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही; साबणाच्या पाण्याने ओली करून फडक्याने टिपायची. तू स्वतः फॅक्टरीच्या टूलरूममध्ये अख्खी नोकरी काढलीस, पण मास्क लावताना मात्र लाजायचास. मला मात्र लावायला लावायचास.

आणि हब, चाकाचा तो मधला गाभा. एक्सलचं टोक निमुळतं, हबचं भोक तसंच निमुळतं, हाच तुझा टेपर; मध्ये एक छोटी चावी, बाहेरून नट. वर्षानुवर्षं ते एकमेकांना असे धरून बसतात की हाताने ओढून काही होत नाही. त्यासाठी तू फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर स्वतः पुलर बनवून घेतलास, चाकाच्या चारही बोल्टांना घट्ट बसणारा. मला म्हणालास, टेपर म्हणजे लोखंडाचं लोखंडाशी लग्न, मध्ये तिसरा नको. निळा रंग लावून दाखवलास. हब चढवला, किंचित फिरवला, उतरवला; रंग सगळीकडे सारखा उमटला होता, म्हणजे कुठेही फट नव्हती. तू त्याच्याकडे असा बघत होतास जसं दुसरं कोणी मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे बघेल. कोणी ढिल्या टेपरमध्ये पत्र्याची पट्टी घालून काम भागवतो असं ऐकलं की म्हणायचास, हा माणूस लोकांच्या जिवाशी खेळतो.

आज कंपनीत मी क्वालिटीला आहे. रोज कुठला ना कुठला भाग परत पाठवते. लोक मला कडक म्हणतात. तो कडकपणा कुठून आला ते मी त्यांना सांगत बसत नाही.

मग निकालाचा दिवस. तू कबूल केलं होतंस की निकाल लागला की हेराल्ड घेऊन कॉलेजच्या गेटवर येईन. आलास. पांढरा शर्ट, मामी पुढे बसलेली, नवी साडी नेसून. माझ्या वर्गातल्या मुलांनी गाडीभोवती गराडा घातला. मला बरं वाटलं होतं, मामा. तेव्हा बोलले नाही, आता सांगते. अंबरनाथहून बदलापूरला, आईकडे, पेढे घेऊन आपण निघालो.

आणि काय तो वेग! मागून सायकलवाले घंटी वाजवत पुढे जात होते. एक तर दुधाच्या किटल्या लावलेला, तोही गेला. मी म्हटलं, मामा, यापेक्षा चालत लवकर पोहोचू. तू म्हणालास, गाडीला घाई नाही. मोरीजवळ तू गाडी थांबवलीस, उतरलास, मागे गेलास, डाव्या चाकाला हात लावून बघितलास आणि परत येऊन बसलास. पुढे पुन्हा तेच. मामी म्हणाली, चाकाला ताप आलाय का? तुझ्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, वय झालं मामाचं, गर्दीत गाडी चालवायची भीती वाटते.

त्या दिवसानंतर तू हेराल्ड रस्त्यावर काढली नाहीस.

पुढच्या रविवारी मी आले तेव्हा वासूसेठ आलेले होते, कॅम्प दोनच्या बाजारातले तुझे स्पेअर पार्टवाले. मी म्हटलं, डाव्या चाकातून आवाज येत होता, आज डावा हब काढू या. तू म्हणालास, डाव्याला हात लावायचा नाही. मी विचारलं, का. तू वासूसेठकडे बघितलंस, माझ्याकडे नाही, आणि म्हणालास, "पोरीचं काम नाही ते."

मी हात धुतले, मामीने दिलेला चहा घेतला आणि गेले. नंतर रविवारी मला कामं निघू लागली. तू आजारी पडलास तेव्हा दवाखान्यात आले, गोळ्यांच्या वेळा बघितल्या, डॉक्टरांशी बोलले. पण ते एक वाक्य तसंच मध्ये राहिलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी विसरले असते. कारखान्यात असली वाक्यं रोज कानावर पडतात. पण ज्याने माझ्या हातात पाना दिला त्यानेच म्हणावं? मग आधीचे सगळे रविवार काय होते? भाचीची हौस? मला तेवढंच कळायला हवं होतं. तू गेलास आणि आता विचारायलाही कोणी नाही असं धरून मी चालले होते.

म्हणून मला जायचं नव्हतं. आणि म्हणूनच गेले.

विजयादशमीला तुझी हत्यारं धुतली. स्टेशनजवळच्या गॅरेजमध्ये पान्यांना झेंडूचे हार होते. आपल्याकडे तू करायचास तसंच केलं: सगळी हत्यारं रॉकेलमध्ये धुवून, पुसून, वर्तमानपत्रावर ओळीने मांडली, आणि मग मामीबरोबर विहारात गेले. पुलर सगळ्यात शेवटी धुतला. त्याच्या मधल्या स्क्रूचं टोक चेपलेलं होतं, एका बाजूला झिजलेलं. उजव्या चाकाला आपण वापरला तेव्हा ते टोक नवं होतं. मला ते खटकलं, पण तेव्हा अर्थ लागला नाही.

परवा रविवारी सकाळी सुरुवात केली. गाडी जमिनीवर असतानाच आधी हबचा नट सैल केला. चाक जाम होतं म्हणून एक्सल हलला नाही. त्या गंजलेल्या ब्रेकने तेवढं एक काम चांगलं केलं. मग ठोकळे, जॅक, घोड्या, सगळं तुझ्या क्रमाने. अ‍ॅडजस्टरला आदल्या रविवारीच तेल घालून ठेवलं होतं, तरी तो फिरायला बराच वेळ लागला. ड्रमचे दोन पेच हट्टी निघाले. मामी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली होती आणि मधूनमधून विचारत होती, झालं का. ड्रम अखेर सुटला तेव्हा ती म्हणाली, "एवढंसं भांडं, आणि केवढा नखरा."

पुलर लावला. नट पूर्ण काढला नाही, तू बजावायचास तसा थोडे आटे धरून ठेवला. स्क्रू आवळला, डोक्यावर हातोड्याचा एक ठोका, पुन्हा आवळला. काही नाही. मी मामीची खुर्ची उचलून बाजूला नेली आणि सांगितलं की चाकासमोरच्या रेषेत कोणी यायचं नाही. ती म्हणाली, मामा पण असंच म्हणायचा, मांजरालासुद्धा हाकलायचा. अजून आवळला. पान्याला पाइप लावून जोर दिला. हब ढिम्म. मग तू सांगायचास ते आठवलं: लोखंडाला वेळ द्यायचा. ताण तसाच ठेवला, शेडचं दार ओढून घेतलं आणि आम्ही आत चहाला बसलो.

कप तोंडाला लावला आणि शेडमधून बंदुकीसारखा आवाज आला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मामीच्या बशीत चहा सांडला. "फुटलं का गं सगळं?" ती म्हणाली. मी म्हटलं, नाही मामी, निघालं.

हब, त्याला लावलेल्या पुलरसकट, नटाला अडून लटकत होता. ते थोडे आटे धरले नसते तर तो सगळा लोखंडी गोळा शेडचा पत्रा फोडून शेजाऱ्यांच्या अंगणात गेला असता. म्हणजे तुझं म्हणणं बरोबर होतं. हे एक. आता दुसरं.

नट काढला, हब उतरवला. एक्सलच्या टोकाला पुलरचे खड्डे होते, एकावर एक, उजव्या बाजूपेक्षा किती तरी खोल. कोणीतरी आधी बरेचदा प्रयत्न करून हरलेलं होतं. आणि टेपरवर, गंजाखाली, गुंडाळलेली एक पट्टी. पत्र्याची.

मी ती चिमट्याने सोडवली आणि रॉकेलमध्ये पुसली. पातळ पत्रा, बरोबर टेपरच्या मापाचा कापलेला, चावीच्या जागी खाच घेतलेली. कडा कानसून गुळगुळीत केलेल्या. कोपरे गोल. आणि एका बाजूला जांभळी फुलं छापलेली.

कडा बघूनच कळलं. असल्या लबाडीच्या कामातही कडा घासून घेणारा माणूस या भागात एकच होता.

मामीला दाखवली. तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "हा तर माझा पावडरचा डबा."

मग तिने सांगितलं. पावडर कधीच संपलेली, पण डबा पत्र्याचा, जुना, म्हणून ती त्यात साडीच्या पिना ठेवायची. माझ्या निकालाच्या सकाळी नवी साडी नेसायला पिन घ्यायला गेली तर डबा गायब, पिना सगळ्या स्टीलच्या वाटीत ओतलेल्या. तुला विचारलं तर म्हणालास, उंदीर. "उंदराने डबा नेला आणि पिना वाटीत काढून ठेवल्या?" मामी म्हणाली. "मी तेव्हाच समजले की हा काहीतरी लपवतोय. मला वाटलं, सिगारेटी." पुढे म्हणाली की त्यानंतर कितीतरी दुपारी तू जेवण झालं की शेडमध्ये जायचास, आतून कडी लावायचास आणि दमून बाहेर यायचास. विचारलं की म्हणायचास, झाडतोय.

मी शेडमध्ये खाली बसले, मामा. आणि हसले. मी फारशी हसत नाही. मामी घाबरली.

तर असं झालं होतं. मी परीक्षेत होते त्या दिवसांत तू डावा हब एकट्याने उघडलास. आधीच्या मालकाने नट ढिला ठेवून गाडी चालवली असणार. टेपर खाल्लेला, चावीची जागा सैल. नवा भाग मागवला, तो वेळेवर आला नाही. निकालाची तारीख जवळ आली. तू शब्द दिला होतास. आणि टूलरूमचा तो माणूस, ज्याने मला लग्नात तिसरा नको म्हणून शिकवलं, त्याने बायकोचा पावडरचा डबा कापला.

तो भाग माझ्याकडे तपासायला आला असता तर मी लाल खूण करून परत पाठवला असता. तुला माहीत होतं. म्हणून सायकलींच्या मागे. म्हणून मोरीजवळ हात लावून बघणं. आम्हा दोघींना त्या चाकावर बसवलंस आणि सगळा रस्ता मनात चाक निखळतंय असं बघत राहिलास ना? मला गेटवरून घेऊन जायचं होतं म्हणून? रिक्षा चालली असती, मामा. मी रिक्षातही तितकीच पास झाले असते.

मग ती पट्टी गुपचूप काढून टाकायला गेलास आणि हब निघेना. एकट्याने जमेना. मला बोलवायचं तर मी तुझ्यासमोर हब उतरवणार आणि ती जांभळी फुलं बघणार. म्हणून ते वाक्य.

हे सगळं मी परवाच जुळवलं होतं. पण माझा अंदाज म्हणजे पुरावा नाही, आणि मला सोयीचा अंदाज तर मी दोनदा तपासते. म्हणून आज कामावरून सुटल्यावर कॅम्प दोनला वासूसेठकडे गेले. नवा हब आणि एक्सल कुठे मिळेल ते विचारायला, एवढंच निमित्त. ते गल्ल्यावरून उठले, मागच्या फळीवरून एक धुळीने माखलेलं खोकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तुझंच. तू मागवलेलं. निकालाच्या थोडं नंतर आलं होतं, तू कधी न्यायला आलाच नाहीस.

मी विचारलं, मग तुम्ही त्यांना आठवण नाही केली?

"दस बार किया," वासूसेठ म्हणाले. "ऑर्डर दिया तब तो बड़ा जोश में था तेरा मामा. बोला, साईं, माल आने दे, फिटिंग भांजी करेगी, उसका हाथ मेरे से साफ है. फिर माल आया तो बोला, पड़ा रहने दे. मैं समझा, तुम दोनों का झगड़ा हुआ."

मी म्हटलं, झगडा नव्हता.

"तो फिर उस दिन क्यों बोला, पोरीचं काम नाही? मैं तो हैरान." आणि मग माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "अंदर कुछ गड़बड़ किया था क्या उसने?"

मी म्हटलं, गंज होता. खोकं उचललं आणि निघाले.

तेवढंच हवं होतं मला. मी पुलापर्यंत चालत आले, खोकं कडेवर घेऊन, रिक्षा न करता. इतकी वर्षं पाठीवर कोणीतरी हात ठेवून दाबत असल्यासारखं होतं, ते नव्हतं. उसाच्या गाड्यावर थांबून एक ग्लास रस प्यायले. साधी गोष्ट आहे, पण मी अशी मध्येच थांबत नाही.

एक तक्रार आहे, ती नोंदवते. तुला खोटं बोलायचंच होतं तर दुसरं काहीतरी बोलायचंस. बोल्ट नाहीत, वेळ नाही, पाठ दुखते. त्या सगळ्या खोट्यांतून तू नेमकं तेच उचललंस जे मला दुसरं प्रत्येकजण सांगत होता. ते चुकलं. पट्टीपेक्षा जास्त चुकलं. आणि सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी रागावले असते, तुला तुझंच वाक्य ऐकवलं असतं, मग आपण दोघांनी मिळून तो हब काढला असता. आणखी चार-दोन रविवार मिळाले असते. इतकंच.

भंगारवाला येणार नाही. वरातवाल्यालाही मामीने फोन करून सांगितलं की गाडी द्यायची नाही. खोलीचं काय, विचारलं तर म्हणाली की घराच्या मागच्या बाजूला काढू, तिकडे ऊन पण चांगलं येतं. पत्र्याची पट्टी मी ठेवून घेणार होते, पण तिने मागून घेतली. डबा माझा होता, म्हणाली. आता ती पिनांच्या वाटीत आहे.

वासूसेठना मी काही सांगितलं नाही, फॅक्टरीतल्या तुझ्या मित्रांनाही सांगणार नाही. तेवढी तुझी लाज मी राखते.

आणि हे मी कबूल करते, मामा: नवा एक्सल चढवण्याआधी निळा रंग लावीन आणि तो सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हब बसवणार नाही. टेपरमध्ये कागदसुद्धा जाणार नाही. मग मामीला पुढे बसवून त्याच रस्त्याने अंबरनाथहून बदलापूरला जाईन. मोरीजवळ थांबून डाव्या चाकाला एकदा हात लावीन, तुझ्या सवयीखातर. त्यानंतर जो सायकलवाला दिसेल, त्याला मागे टाकीन.

हात साफ असलेली तुझी भाची,
प्रज्ञा